ताण

आमच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती घडत नाही. तिचा धडा होतो.

दूध उतू गेलं, की पप्पा गॅस बंद करता करता म्हणणार, "माणसाचं मनही असंच. क्षणभर नजर हटली, की गेलं." ताईचं दहावीचं हॉलतिकीट परीक्षेच्या आदल्या रात्री हरवलं आणि पहाटे पवित्र शास्त्राच्या कव्हरमध्ये सापडलं, तर त्यावर पुढे सहा महिने साक्षी झाल्या. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. जालन्यातली अर्धी मंडळी आमच्या दोन खोल्यांत मावली, आणि पोहे यायच्या आधी पप्पांनी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की मी इंजिनिअरिंगला एम-थ्रीत अडकलो, तेसुद्धा देवाच्या योजनेतच होतं. मी खाली मान घालून बसलो होतो. एम-थ्रीत मी अडकलो, कारण त्या महिन्यात आम्ही हॉस्टेलवर रात्रभर काउंटर-स्ट्राइक खेळत होतो.

चेष्टा करतोय, पण मला ही सवय आवडते. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, नवं घर, पहिला पगार, रिटायरमेंट, प्रत्येक टप्प्यावर आमच्याकडे चार माणसं जमतात, एक गीत होतं, एक उतारा वाचला जातो आणि कोणीतरी विचारतं, "यातून आपण काय घ्यायचं?" बाकी जग फोटो टाकून पुढे जातं. आम्ही निदान दहा मिनिटं थांबतो.

शिवाय ही सवय थेट येशूचीच. त्याचे दाखले घ्या. पिठात कालवलेलं खमीर, घरभर झाडून शोधलेलं एक नाणं, मोहरीचा दाणा, शेतात बी टाकणारा माणूस. सगळं स्वयंपाकघरातलं आणि शिवारातलं. आमच्या जालन्यात तर पेरणाऱ्याचा दाखला समजावून सांगावाच लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. संडे स्कूलमधल्या कित्येक मुलांचे वडील बियाण्याच्या कंपनीत नाहीतर स्टीलच्या कारखान्यात. चांगलं बी खडकावर पडलं तर काय होतं, हे आम्हांला घरी जेवताना कळायचं.

माझा स्वतःचा गाजलेला धडा मात्र मोसंबीचा होता.

जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. माझ्या मामाची अंबड तालुक्यात दोनेक एकर बाग होती. मोसंबीचा बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. आंबे बहारासाठी साधारण डिसेंबरच्या सुमारास. जमीन हलकी असेल तर कमी दिवस, काळी भारी असेल तर जास्त. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाड वाढ थांबवून अंगातलं सगळं साठवून ठेवतं. मग आंबवणीचं हलकं पाणी द्यायचं, हळूहळू पाळ्या वाढवायच्या, आणि बाग फुलांनी भरून जाते. त्या दिवसांत बांधावर उभं राहिलं तरी वास अंगाला लागतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना चर्चमधल्या कापणीच्या सणाला तरुणांच्या वतीने मला संदेश द्यायला सांगितला. मी ताणावर बोललो. देव माळी आहे, तो आपलं पाणी तोडतो, आपल्याला वाटतं त्याने सोडलं, पण बहार त्याच्या मनात आधीच ठरलेला असतो. लोकांनी माना डोलावल्या. दोन आज्यांनी डोळे पुसले. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो तीन जिल्ह्यांतल्या ग्रुपांवर फिरला. पुण्याला गेल्यावरही लोक ओळखायचे, "तो ताणवाला मुलगा ना तू?"

मामा त्या दिवशी मागच्या बाकावर होता. तो काहीच बोलला नव्हता. ते मला तेव्हा जाणवलंही नाही.

*

गेल्या वर्षी ताईचं बाळ गेलं. सातव्या महिन्यात, पोटातच.

मी पुण्यात होतो. रिलीजचा आठवडा होता. मम्मीचा फोन आला, ती धड बोलू शकत नव्हती. मी म्हणालो, येतो. मग मॅनेजरशी बोललो आणि मम्मीला सांगितलं की शनिवारी येतो. दफनविधी गुरुवारीच झाला. त्या रात्री दोन वाजता, एकीकडे डिप्लॉयमेंट चालू असताना, मी ताईला व्हॉट्सअॅपवर मोठा मेसेज लिहिला. मनापासून लिहिला, हे खरं आहे. लिहिताना रडलो, हेही खरं आहे. त्यात ताण होता, माळी होता, बहार होता. देव तुला मोठ्या बहारासाठी तयार करतोय, असं शेवटचं वाक्य होतं.

दोन निळ्या टिका आल्या. शनिवारी घरी गेलो तेव्हा ती माझ्याशी नीट बोलली, चहा प्यायलास का विचारलं. मेसेजचा विषय निघाला नाही. मी रविवारी रात्रीच्या गाडीने परत आलो. बाराव्या दिवशी तिचं उत्तर आलं. एकच ओळ.

"मामाच्या बागेचं काय झालं, आठवतं ना?"

आठवत होतं. २०१२ चा पाऊस गेला होता आणि २०१३ चा उन्हाळा जालना जिल्ह्यात कोणी विसरू शकत नाही. बहात्तरनंतर असा दुष्काळ पाहिला नाही, असं म्हातारी माणसं म्हणायची. शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी यायचं. मी दहावीची परीक्षा देऊन मामाकडे गेलो होतो. मामाने बोअर आणखी खोल नेलं, नुसती धूळ आली. मग टँकर विकत घेतले. मग अर्धी बाग वाचवायला अर्धी तोडली. मग उरलेलीही तोडली. बारा-तेरा वर्षं वाढवलेली झाडं. ट्रॉलीत भरून ती सरपणाला गेली आणि ट्रॉली रस्त्याला लागेपर्यंत मामा तिच्याकडे पाठ करून उभा होता.

त्या बागेतली पानंसुद्धा आधी मलूल झाली होती, पिवळी पडली होती, गळली होती. पहिले काही आठवडे ताण आणि दुष्काळ दिसायला सारखेच असतात.

मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी संदेशात मी ते घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर संदेश झालाच नसता.

*

आमच्या कामात याला नाव आहे. मशीन लर्निंगमध्ये मॉडेलला जुना डेटा देऊन शिकवतात. कधी कधी मॉडेल इतकं हुशार होतं की जुन्या डेटातला प्रत्येक बिंदू ते अचूक सांगतं, आणि नवा डेटा आला की सपशेल आपटतं. त्याने नियम शिकलेला नसतो, घडून गेलेलं पाठ केलेलं असतं. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. आमच्या घरातले बरेच धडे मला आता तसे वाटतात. नोकरी लागली तर देवाची योजना, नाही लागली तर देवाचा ताण. जो धडा कशालाही बसतो, तो कशाबद्दलच काही सांगत नाही.

हे फक्त ख्रिस्ती घरांत होतं असंही नाही. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे वाक्य मी सगळ्या धर्मांच्या मित्रांकडून ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ज्याचं चांगलं चाललंय त्याच्याकडून. सकाळी स्टेटस उघडा, दहातल्या चार जणांनी दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखातून जगाला काहीतरी शिकवलेलं असतं.

पण माझा प्रश्न जास्त अवघड होता. मी विश्वास ठेवणारा माणूस आहे. देव जगात काही करत असतो, असं मी मानतो. मग ताईच्या दुःखातून काहीच शिकायचं नाही, असं म्हणू का? तसं म्हटलं, तर रविवारी मी नेमकं काय गातो?

त्या दिवसांत मी शुभवर्तमानं परत वाचायला घेतली. यावेळी दाखले सोडून दिले आणि जिथे लोक येशूकडे स्वतःहून धडा मागायला येतात, त्या जागा वाचल्या. दोन सापडल्या.

पहिली लूकच्या तेराव्या अध्यायात. शिलोहात एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेलेली असतात. येशू स्वतःच तो विषय काढतो आणि विचारतो, ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हांला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. मेलेल्यांबद्दल एवढंच. पुढचं वाक्य ऐकणाऱ्यांवर येतं, की तुम्ही तुमचं मन बदला. बातमी दुसऱ्यांची आहे, पण काम तो समोरच्यांना देतो.

दुसरी जागा योहानच्या नवव्या अध्यायात. रस्त्यात जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? सर्व्हर बंद पडल्यावर आमच्याकडे जी पहिली मीटिंग होते, अगदी त्यातला प्रश्न. रूट कॉज काय? कोणाच्या कमिटमुळे? तो माणूस तिथेच उभा आहे. आंधळा आहे, बहिरा नाही. त्याच्यासमोर त्याच्यावर चर्चा चालली आहे. येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही.

इथे प्रामाणिकपणे थांबायला हवं, कारण तो पुढे असंही म्हणतो की देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं. म्हणजे कारण दिलंच की! मीही बरेच दिवस इथे अडलो. पण त्यानंतर तो लगेच काय करतो ते वाचलं. तो खाली वाकतो, मातीत थुंकतो, चिखल करतो आणि स्वतःच्या बोटांनी त्या माणसाच्या डोळ्यांवर लावतो. देवाचं काम दिसेल, असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःचे हात मातीत घातले. मी रात्री दोन वाजता देवाचं काम दिसेल असं लिहिलं होतं आणि माझे हात कीबोर्डवर होते.

मग मला दाखला आणि निवाडा यांतला फरक कळू लागला. दाखला ऐकणाऱ्याकडे वळतो आणि काहीतरी करायला लावतो. निवाडा तिसऱ्या माणसाबद्दल असतो आणि सांगणाऱ्याला काही करावं लागत नाही. येशू दाखले भरपूर सांगतो. दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा मागायला आलेल्यांना मात्र हात हलवत परत पाठवतो.

*

आमच्या गावाच्या ख्रिस्ती इतिहासातही एका घटनेचे दोन निवाडे झाले होते. जालन्यात ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती नारायण शेषाद्री यांच्यामुळे. ब्राह्मण घरातला हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता, तोही मिशनऱ्यांकडे गेला होता. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत मोठं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून पुढे झाले, सनातनी विरोधात उभे राहिले. एकाच घरातला एकच प्रसंग. मिशनरी त्यात देवाचा विजय वाचत होते, सनातनी धर्मावरचं संकट. मधे एक मुलगा उभा होता, आणि घरी त्याची आई होती.

मी त्या बाप्तिस्म्याच्या बाजूचा आहे. तो झाला नसता तर आमचं घर आज जे आहे ते नसतं. पण आमच्या आनंदाचा टप्पा कुणाच्या तरी घरी सुतकासारखा गेला होता, हे माहीत असलं की साक्ष देताना आवाज जरा खाली येतो.

पुढे १८६०च्या दशकात शेषाद्री जालन्याला आले. सालार जंग यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल. याकोबाच्या गोष्टीतलं हे नाव. घरातून पळालेला याकोब उघड्यावर, डोक्याखाली दगड घेऊन झोपतो. सकाळी उठून म्हणतो, देव इथे होता आणि मला माहीतच नव्हतं. बेथेल म्हणजे देवाचं घर. रोजच्या आयुष्यात देव शोधण्याबद्दल याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. पण ते वाक्य याकोब बोलतो आणि दगड याकोबाच्याच डोक्याखाली असतो. शेजारी उभं राहून, "बघ, किती छान दगड दिलाय तुला देवाने," असं कोणी म्हणत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना हेच जाणवतं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. पुढे काही वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, आणि ती सगळी उलथापालथ त्यांनी कागदावर आणली तेव्हा टिळक जाऊनही बरीच वर्षं लोटली होती. त्यात त्या हसतात, टिळकांची खोड काढतात, आणि देवाला कुठे काय दिसलं तेही सांगतात. तो अर्थ त्यांचा होता, त्यांनी तो त्यांच्या वेळेने काढला. १८९५ मध्ये कोणी त्यांना तो आयता दिला असता, तर तो कितीही बरोबर असला तरी क्रूरपणाच झाला असता.

*

महिन्याभराने मी पंधरा दिवसांची सुट्टी टाकली. ताईच्या घरी काही मोठं केलं नाही. भांडी घासली, दाजींबरोबर रिपोर्ट आणायला गेलो, दुपारी ती झोपली की दाराची बेल काढून ठेवायचो. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होते, एक शब्दही न बोलता. बिघडलं ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. मी सात दिवसांचं टार्गेट ठेवलं होतं.

नवव्या दिवशी ताईच म्हणाली, "तुझ्या त्या मेसेजनं मला राग आला होता. देवाचा पण आला होता. देवाशी मी भांडून घेतलं. तुझ्याशी काय भांडू, तू शनिवार-रविवारचा होतास."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "मला एक सांग. मला काही शिकवायचंच होतं, तर लेकरूच लागलं का त्याला?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. ज्याच्यावर माझा विश्वास आहे, त्याने स्वतः मरताना असाच एक प्रश्न वर टाकला होता आणि त्यालाही तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.

परतायच्या आदल्या दिवशी मामाकडे गेलो. त्याने पुन्हा शंभरेक झाडं लावली आहेत, यावेळी शेततळं करून. मी त्याला त्या जुन्या संदेशाबद्दल विचारलंच. तेव्हा काही बोलला का नाहीस?

"छान बोलला होतास की," तो म्हणाला. मग बांधावरून चालता चालता म्हणाला, "एक तेवढं सांगायचं राहिलं होतं तुझ्याकडून. ताण द्यायला लागलं की माणूस रोज सकाळी बागेत येतो. पानं बघतो, माती उकरून बघतो. एक दिवस जरी चुकलं तरी झाड जातं. ताण देणारा घरी बसून नसतो रे."

हाही एक धडाच झाला म्हणा. पण हा मला माझ्यासाठी मिळालाय, ताईसाठी नाही, आणि याचं बिल माझ्या नावावर निघतं. रोज सकाळी जावं लागतं. सध्या मी तेवढा एकच नियम पाळतो. दुसऱ्याच्या आयुष्यात मला अर्थ दिसला, तर आधी बघायचं की यात करायचं काम कोणाकडे येतंय. तिच्याकडेच येत असेल तर तोंड बंद.

मला आजी आठवते. दुष्काळाच्या त्या वर्षी नळाला पाणी यायचं त्या दिवशी ती सगळ्यांत आधी एक हंडा भरून बाजूला, झाकून ठेवायची. शेजारच्या मावशी कारखान्यातून उशिरा यायच्या, त्यांच्यासाठी. आम्ही अंघोळीसाठी भांडायचो, पण त्या हंड्याला हात लावायची हिंमत नव्हती. त्यावर ती कधी साक्ष द्यायला उभी राहिली नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "त्यात काय सांगायचं लेकरा, बाई उशिरा येती."

या नाताळला घरी प्रार्थनेला बसलो. गीत झालं, उतारा वाचून झाला. आता पप्पा बोलणार म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, ताईकडे बघितलं, शास्त्र मिटलं आणि म्हणाले, "आज थोडं नुसतं बसू या."

आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने ताईने स्वतःहून प्रार्थना सुरू केली.